बसवून पाहणारे डॉक्टर

आमच्या घरमालकांच्या ओसरीवर पाठीची खुर्ची एकही नव्हती. एक लांब बाकडं, दोन-तीन लाकडी स्टुलं आणि मधोमध साखळ्यांना टांगलेली बंगई. आमच्या कोकणात तिला झोपाळा म्हणतात. येणारा माणूस रोगी असो, पोस्टमन असो, नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, त्याला स्टुलावर बसावं लागे. बसल्या बसल्या कोणी सरकत भिंतीला पाठ लावली की आतून आवाज यायचा, "टेकू नोका! टेकून त पोतंही बसते."

हे आमचे डॉक्टर. अकोल्यात जीनांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, बाजूच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढे दवाखाना, मधे ते एकटे, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको भाडेकरू. माझे यजमान माझ्याच गावचे, कापसाच्या जीनात फिटर होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि माझं लग्नही. मालवणच्या खाडीकाठी वाढलेली मुलगी, पाचवीतून शाळा सोडलेली, स्वभावाने भित्री. अकोल्याचा पहिला उन्हाळा मला अजून स्वप्नासारखा आठवतो. दुपारी गल्ली पांढरी होऊन जायची. समोरच्या घरांचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे दिसायचे. मला खरंच वाटायचं की भरती आली आहे. मग कोणीतरी सायकलवरून त्या पाण्यातून कोरडाच निघून जायचा, आणि माझा समुद्र हजार कोस मागे सरायचा.

डॉक्टर नागपूरला शिकलेले होते, जाड जाड इंग्रजी पुस्तकं वाचायचे, पण बोलायचे ते गल्लीतल्या माणसासारखंच. उंच, काटकुळे, मानेवर कायम ओला पंचा. त्यांना सगळ्या शरीरात एकाच जागेचं वेड होतं. डोक्याची मागची बाजू. नवीन माणूस भेटला की नमस्कार व्हायच्या आधी त्यांची नजर त्याच्या पावलांवर जायची. बंगईवर बसवायचे, दोन झोके द्यायचे, मग मधेच साखळी धरून म्हणायचे, "उतरा." उतरताना माणूस पाऊल कसं टाकतो, कुठे हात शोधतो, ते बघत राहायचे. लोक म्हणायचे, डॉक्टर सरकला आहे. पण ताप आला की त्यांच्याकडेच यायचे.

माझ्याशी ते पहिल्यांदा बोलले ते उचकीवरून. मी चुलीपाशी बसले होते, उचकी लागली होती, आणि मनात बरं वाटत होतं, कारण उचकी म्हणजे आईने आठवण काढली. तेवढ्यात मधल्या दारातून आवाज आला.

"अवो कोकणवाल्या बाई, उचकी कधीची हाय?"

"आत्ताच लागली. आईनं आठवण काढली असेल," मी घाबरून म्हटलं.

"आईले सांगा, लोटाभर पाणी पेईपर्यंत आठवण काढत जाय. दिवसभर राह्यली त मंग ते आईची नोय. मंग मले हाक मारा."

मला राग आला होता. परक्या मुलखात आठवण हीच एक येणारी वस्तू, तिच्यावरही यांची तपासणी. पण त्यांनी दारातून हलायचं नाव घेतलं नाही. माझी उचकी थांबल्याचं ऐकूनच गेले.

एकदा मी फ्लॉवर आणला होता, त्याला तिकडे फुलकोबी म्हणतात. डॉक्टरांनी तो माझ्या पाटीतून उचलला, विळीवर बरोबर मधोमध उभा कापला आणि अर्धा माझ्यासमोर धरला. आत एक झाड दिसत होतं. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या.

"हे पाहा. तुमच्या डोक्यात मागच्या अंगाले, मानेच्या थोडं वर, असंच एक झाड हाय. लहान मेंदू. पुढचा मोठा मेंदू बोलते, भांडते, इलेक्शन लढते. हा काईच बोलत नाई. हा फक्त तुमाले पडू देत नाई."

"मला नाही हो यातलं कळत. मी पाचवी शिकलेली," मी म्हटलं.

"पाचवी? पुष्कळ झाली. या झाडाले त पहिलीबी येत नाई, अन् कसं काम करते!"

त्या दिवशी मला भाजी चिरवेना. यजमान घरी आले तेव्हा अर्धा फ्लॉवर तसाच ताटलीत, आणि मी त्यातल्या झाडाकडे बघत बसलेली. ते हसून म्हणाले, "आता जेवणाचं काय? झाडाखाली बसून राहायचं?"

चौकातल्या सलूनवाल्याशी डॉक्टरांचं उभं वैर होतं. केस कापून झाले की तो गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांत धरायचा आणि कट्ट करून मान मोडायचा. इकडे एक कट्ट, तिकडे एक कट्ट. लोकांना ते फार आवडायचं. डॉक्टर रविवारी सकाळी सलूनच्या दारात स्टूल टाकून बसायचे.

"मोडू नको रे! त्या मानंतून रक्ताच्या नळ्या जातात मांगच्या डोक्याले. तुह्या वस्तऱ्यापेक्षा तुह्या हाताचं भेव वाटते मले."

"डॉक्टरसाहेब," सलूनवाला म्हणायचा, "मान नाई मोडली त गिऱ्हाईक म्हणते, पैसे कायचे घेतले?"

शेवटी त्यांच्यात तह झाला. डॉक्टर बसलेले असेपर्यंत मान मोडायची नाही, ते उठून गेले की मोडायची. त्यामुळे रविवारी सलूनमध्ये अर्धे लोक डॉक्टर कधी उठतात याची वाट बघत ताटकळायचे, आणि डॉक्टर जेवायला जायची वेळ टळली तरी उठायचे नाहीत.

या सगळ्याला आम्ही हसायचो. हसणं बंद झालं ते अमरावतीच्या खेपेत.

अंबादेवीच्या दर्शनाला जायचं माझ्या मनात होतं. डॉक्टर दर महिन्याला अमरावतीला जायचे, त्यांचं वडिलार्जित घर तिथे होतं, त्यांच्या वहिनी तिथे एकट्या असायच्या. ते म्हणाले, चला दोघंही माझ्यासोबत. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर एक धोतरवाला माणूस एका बाजूला झुकत झुकत चालला होता. डॉक्टर त्याच्या मागे. आम्ही डॉक्टरांच्या मागे. पुलावरून पलीकडे, तिथून परत अलीकडे. अमरावतीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. शेवटी डॉक्टरांनी त्या माणसाला गाठलं आणि विचारलं, "भाऊ, कधीपासून असं चालून राह्यले तुमी?"

"सकाळपासून," तो कळवळून म्हणाला. "सासऱ्यानं नवा जोडा घेऊन देल्ला. एक लहान आला."

यजमान इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. डॉक्टरही हसले. पण नंतरच्या गाडीत बसल्यावर, खिडकीबाहेर बघत, कोणी विचारलं नसताना ते बोलायला लागले. बाहेर काळी नांगरलेली जमीन लांबच लांब सरकत होती आणि त्यांचा आवाज त्या जमिनीतूनच येत असल्यासारखा वाटत होता.

"माहा मोठा भाऊ वकील होता. एक दिवस त्याले गरगरून राह्यलं होतं, उलट्या होऊन राह्यल्या होत्या. संत्र्याचा हंगाम. वरूडहून टोपल्या आल्या होत्या, सगळे म्हणे संत्री बाधली. घरात आमी तीन डॉक्टर जमलो, त्यातला एक मी. म्या म्हटलं, हात दाब. त्यानं असा दाबला का माहे बोटं मोडते का काय. हासला. म्हणे, अजूनबी तुले कुस्तीत पाडतो. पाय उचलले. नाव सांगतलं, गाव सांगतलं. आमी तिघायनं ठरोलं, हलकं हाय. आरामखुर्चीत बसला होता तो. मांगं टेकून. त्याले उठून सरळ बस म्हणाव, हे कोणाच्याच मनात आलं नाई."

"मग?" यजमानांनी विचारलं.

"मंग काय. सकाळी जागाच झाला नाई."

अमरावतीच्या त्या घरात, ओसरीच्या कोपऱ्यात, ती आरामखुर्ची अजून होती. वहिनींनी तिच्यावर पापडांची चादर वाळत घातली होती.

पुढच्या मे महिन्यात यजमानांना झालं.

जीनात कापूस नसतो तेव्हा यंत्रांची दुरुस्ती चालते. यजमान यंत्राखाली उताणे पडून, मान वळवून, दिवसचे दिवस काम करत होते. मान दुखते म्हणायचे. एका दुपारी जीनातले दोघेजण त्यांना टांग्यात घालून घेऊन आले. जीनातून आधी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तिथून घरी. कामावर असताना एकदम गरगरलं, उलटी झाली, उभं राहता येईना. त्या उन्हात अकोल्यात कोणालाही गरगरलं, ओकारी झाली, की लोक दुसरं काही मनात आणतच नाहीत. ऊन लागलं. त्यांच्या खिशात कोणीतरी कांदा घातला होता, टाळूवर कांद्याचा रस थापला होता. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी हात दाबून घेतले, पाय उचलून घेतले, नाव-गाव विचारलं. सगळं नीट. उन्हाचा त्रास आहे, सौम्य आहे, घरी न्या, भरपूर पातळ प्यायला द्या, असं सांगून पाठवलं होतं.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सौम्य. तो शब्द मी देव्हाऱ्यासमोर म्हटल्यासारखा मनात म्हणत राहिले.

यजमान खाटेवर डोळे मिटून पडले होते. "मला काही झालेलं नाही गं," ते म्हणाले. "फक्त घर फिरतंय. घराला म्हणावं थांब." आणि त्यांना उचकी लागली होती.

शेजारच्या मावशी धावत आल्या. त्यांच्या घरात बुद्धाची नवी तसबीर होती आणि त्यांचे यजमान तारघरात नोकरीला होते. परमुलखात मला आईच्या जागी त्याच. हातात कैरीच्या पन्ह्याचा मोठा पेला. "ऊन लागलं बाप्पा पोराले. पाज पाज, माय, घोट घोट पाज." मी यजमानांच्या मानेखाली हात घातला, मावशींनी पेला ओठांना लावला.

डॉक्टर दुपारी वाळ्याच्या पडद्याआड झोपायचे. त्यांना उचकी ऐकू गेली असावी. ते दारात दिसले आणि पुढच्या क्षणी पेला भिंतीवर फुटला होता.

"पाजू नोका! एक थेंब नोको!"

"डोकं फिरलं काय तुमचं?" मावशी ओरडल्या. "पोरगं उन्हानं तडपून राह्यलं, अन् तुमी पन्हं सांडता?"

डॉक्टर मधे शिरले. खाटेच्या कडेला बसले. "फिटर, माह्याकडे पाहा." त्यांनी बोट एका बाजूला नेलं. यजमानांचे डोळे बोटामागे गेले आणि तिथे टोकाला जाऊन थरथरायला लागले, पाण्यावरच्या बुचासारखे. "आता माह्या बोटाले बोट लावा." यजमानांचं बोट त्यांच्या बोटाला चुकवून पुढे गेलं, हवेत. एकदा, पुन्हा एकदा. ते स्वतःच हसले, "सापडत नाही हो." मग डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तिकून धरा. बसवू."

आम्ही त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडून. डॉक्टर म्हणाले, "सोडा." मी हात काढला आणि माझा नवरा, ज्याने आत्ताच दवाखान्यात घट्ट हात दाबून दाखवला होता, ज्याच्या दंडात लोखंड वाकवायची ताकद होती, तो डाव्या अंगाला सावकाश कलंडला. पडतोय हे त्याला कळत होतं, पण कुठल्या बाजूला सावरायचं हे कळत नव्हतं. डॉक्टरांनी खांद्यावर झेलला.

शेवटी, गिळता येतं का ते पाहायला, चमचाभर पाणी. तेही डॉक्टरांनी स्वतः दिलं, एक बोट गळ्यावर ठेवून. पाणी तोंडात गेलं, गळा हलल्यासारखा झाला आणि मग असा ठसका लागला की तोंड निळं पडलं.

मावशी खाली बसून काचा गोळा करायला लागल्या.

डॉक्टरांनी मला ओसरीवर नेलं. मी विचारलं, "दवाखान्यातले म्हणाले, सौम्य आहे. तुम्ही सांगा. किती आहे?"

मला हवं होतं की त्यांनीही सौम्य म्हणावं. त्यांना ते कळलं असणार. त्यांनी साखळी धरून हलती बंगई थांबवली.

"हे ऊन नोय, बाई. मांगच्या डोक्याचं रक्त अडलं. हात चालते, पाय चालते, बोलते, म्हणून हलकं वाटते. पण बसणं गेलं, गिळणं गेलं. राह्यला एक जागेपणा. चार दिवसांत आत सूज येईल, त्यात जागेपणा टिकला त माणूस तुमचा. मंग तो चांगला होईल, चालंल, कामालेबी जाईल. नाई टिकला त..." ते थांबले. "गावाकडं कोण हाय?"

"सासूबाई."

"तार करा. आजच."

मावशींचे यजमान तारघरातून आलेच होते, ते तसेच सायकल वळवून परत गेले. 'ताबडतोब या' एवढेच शब्द. मी बंगईवर बसले. ऊन उतरायला लागलं होतं, गल्लीतलं खोटं पाणी ओसरत होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, की तार आत्ता कुठल्या गावावरून जात असेल, आणि ती खाडीकाठी पोचेपर्यंत इथे काय झालेलं असेल. हे गेले तर मी कोणाची? या काळ्या जमिनीत मला हाक मारणारं कोण?

संध्याकाळी डॉक्टरांनी दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांना बोलावून घेतलं. पुण्याकडचे होते, नीटनेटका भांग, सायकलला चकचकीत घंटी. आल्या आल्या त्यांचा चेहरा ताठ झाला.

"मी सगळं तपासलंय. दोन्ही हातांत ताकद आहे, पायांत आहे, वाचा स्पष्ट आहे."

"तुमी जे मोजलं ते बरोबर मोजलं," आमचे डॉक्टर म्हणाले, आणि इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पण ते पुढच्या डोक्याचं माप झालं. मांगच्या डोक्याले त्या मापात धरलं त ते हलकंच भरते. बसवून पाह्यलं काय तुमी?"

"पेशंट स्ट्रेचरवर होता. झोपलेल्याला बसवायचं कशाला?"

"मीबी नोतं बसवलं. एका माणसाले."

तरुण डॉक्टरांनी यजमानांना बसवलं. सोडलं. झेललं. पुन्हा निजवलं. मग ते बाह्या दुमडत उंबऱ्यापर्यंत गेले. वळून म्हणाले, "काय काय लागेल?"

"रबराची नळी. नाकातून पेज द्याले. शिरेतलं साखरेचं घट्ट इंजेक्शन. अन् तुमी."

ते रोज आले. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, नळी घातली. उशाशी दोन डॉक्टर, एक ताठ आणि एक वाकलेला.

माझ्यावर एक काम होतं. जागेपणा पाहायचा. डॉक्टर म्हणाले, "नाव नोका विचारू. नाव माणूस झोपेतबी सांगते. जे शोधून सांगावं लागते असं विचारा."

मी विचारलं, "घरातून निघालात. आता कुठे आहात?"

डोळे मिटलेले, नाकात नळी, आवाज जड. "माडाखाली."

"पुढे?"

"पुढे... बांध. बांधावर शेवाळ आहे. जपून ये."

अशी आम्ही दोघं अकोल्याच्या त्या भट्टीसारख्या खोलीत बसून आमच्या गावात चालत होतो. होडीच्या धक्क्यापर्यंत, देवळाच्या मागून, शाळेच्या उतारावरून. तो उतार आला की मला माझी पाचवी आठवायची. ते कधी कधी अशा गोष्टी सांगायचे ज्या मी विसरले होते. अमक्याच्या अंगणात रातांबे वाळत आहेत. तमक्याचा कुत्रा बांधलेला आहे, भिऊ नको. पडद्यावर डॉक्टर पाणी मारायचे, वाळ्याचा वास यायचा, आणि मला वाटायचं पाऊस पडून गेलेल्या आमच्याच वाटेवर आम्ही आहोत. आयुष्यात इतकं निवांत आम्ही कधी बरोबर चाललो नव्हतो. आणि दर वळणावर भीती असायची, की पुढचं उत्तर येतं की नाही.

एका दुपारी आलं नाही.

"धक्क्यावर आलो. आता कुठे?" मी विचारलं. पुन्हा विचारलं. खांदा हलवला. ते श्वास घेत होते, पण धक्क्यावर मी एकटीच उभी होते. दोन्ही डॉक्टर दारातच होते. दोघांनी मिळून इंजेक्शन दिलं, पापण्या उघडून पाहिल्या. आमचे डॉक्टर खाटेच्या उशाशी उकिडवे बसले आणि यजमानांच्या डोक्यामागे, मानेच्या थोडं वर, दोन्ही तळहात ओंजळीसारखे धरून राहिले. हे कुठल्या पुस्तकात नसणार. तरुण डॉक्टरांनी ते पाहिलं, मग ते माझ्याकडे वळले. "विचारत राहा, बाई," ते मला म्हणाले. "थांबू नका."

मी विचारत राहिले. धक्का, होडी, पाणी, आता कुठे, आता कुठे. पडद्यावरचं ऊन पिवळं झालं, मग तांबडं. मावशी दिवा लावायला आल्या. तेव्हा खोल पाण्यातून आल्यासारखा आवाज आला. त्रासलेला.

"होडीत. पलीकडे चाललोय. कितीदा विचारशील?"

"नोको जाऊ पलीकडं!" मावशी दिवा हातात धरूनच ओरडल्या. "परत ये मुकाट्यानं!"

डॉक्टरांनी तळहात काढून घेतले. त्यांची बोटं आखडली होती, ती त्यांनी एकेक करून सरळ केली.

त्यानंतर दिवस वर चढले. आधी प्रश्नांना न थांबता उत्तरं आली. मग एका सकाळी चमचाभर पाणी ठसक्याशिवाय गेलं. डॉक्टरांचं बोट यजमानांच्या गळ्यावर होतं, आणि गिळल्याचा तो घटकन आवाज मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. मग नळी निघाली. मग दोन बाजूंनी उशा, मग एका बाजूने, आणि शेवटी एका दुपारी ते कशालाही न टेकता खाटेच्या कडेला बसले, किंचित डावीकडे झुकलेले, मांडीवर पातेलं घेऊन, स्वतःच्या हाताने पेज खात. चमचा मधूनच गालाला लागत होता. हात कापत होता.

नेमक्या त्या दुपारी दारात टांगा थांबला.

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात खाडी ओलांडून फारसा प्रवास केला नव्हता. होडी, मोटर, मग आगगाड्या बदलत, कोणा-कोणाच्या सोबतीने त्या आल्या होत्या. वाटेत काय काय मनाशी रंगवलं असेल देव जाणे. ओसरी ओलांडून त्या थेट खोलीत शिरल्या, आणि थबकल्या. यजमान चमचा हातात धरून म्हणाले, "आई? तू कशी आलीस?"

सासूबाई धपकन खाली बसल्या. थोडा वेळ नुसत्या रडल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि रडण्याचा राग झाला.

"हो तर बसान पेज जेवता! आणि तार कित्याक केलात? माझो जीव अर्धो झालो वाटेत! कोणी करूक सांगितल्यान?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. तरुण डॉक्टरही तिथेच होते.

"म्या सांगतली, माय," आमचे डॉक्टर स्टुलावरून उठत म्हणाले.

"तुमी कसले डॉक्टर ते! झाला काय होता माझ्या झिलाक?"

मी बोलायला तोंड उघडलं. गिळणं गेलं होतं, बसणं गेलं होतं, एक अख्खी दुपार ते नव्हतेच, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून.

ज्या माणसाने एका शब्दासाठी, हलकं की जड एवढ्यासाठी, पेला फोडला होता, मागच्या डोक्यासाठी सलूनवाल्याशी वर्षानुवर्षं भांडण काढलं होतं, तो त्या म्हातारीपुढे हात जोडून उभा राहिला.

"ऊन लागलं होतं, माय. एवढं काई नोतं. माहा अंदाज चुकला."

तरुण डॉक्टरांनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

"साधा ऊन लागला म्हणान तार करूची?" सासूबाईंचा राग अजून उतरला नव्हता.

"चुकलंच," डॉक्टर म्हणाले. "बसा. च्या घ्या."

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आम्ही कोकणात परत आलो. यजमान एका बाजूला किंचित झुकून चालायचे, उतारावर माझा खांदा धरायचे, बाकी काही नाही. सासूबाई अगदी शेवटपर्यंत आल्या-गेल्याला सांगायच्या, की अकोल्याला एक डॉक्टर होता, बिचारा माणूस बरा, पण भारी घाबरट, साध्या उन्हाची तार करून त्याने मला सगळा मुलूख पालथा घालायला लावला. ऐकणारे हसायचे. यजमान मान खाली घालून जेवत असायचे. मी त्यांच्या पानात भात वाढायची, आणि म्हणायची, हो, फारच घाबरट होते ते.